टेंपोपाशी आलेलं घर

सारजा कुंभारणीचा टेंपो राजवाड्याच्या आवारात जप्त होऊन पडला होता आणि दिवाळी अगदी तोंडावर आली होती. पणत्या बाजारात गेल्या नाहीत, तर वर्षभर खायचं काय? ती तडक दरबारात गेली.

"महाराज, गाडीच्या कराचे पैसे आणलेत. घ्या आणि टेंपो सोडा!"

गजबाहू महाराजांनी निखारा पुढे आल्यासारखा हात मागे घेतला. वाहनकर भरायचं ॲप त्यांनी नुकतंच काढलं होतं, आणि उद्घाटनाचा हार अजून गळ्यातून उतरला नव्हता.

"रोख? छे! कराच्या कचेरीला आम्ही कुलूप ठोकलंय. कर आता मोबाईलवर, घरबसल्या! दारात उभ्या गाडीचा फोटो काढायचा आणि पैसे भरायचे."

"पण गाडी तर इथं अडकलीय!"

"कर भर, मग ने," प्रधान धुंडिराज म्हणाले.

"गाडी दारात नसताना भरू कसा?"

"घरबसल्या!" प्रधानांना तेवढंच पाठ होतं.

"हुकुमातलं एक अक्षर बदलणार नाही!" महाराज गरजले. "उद्या दुपारपर्यंत कर आला नाही, तर टेंपोचा लिलाव!"

सारजाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पण आवारातून जाताना ती टेंपोपाशी थबकली, इकडेतिकडे नीट पाहिलं, आणि पदर खोचून तरातरा घरी निघाली.

दुसऱ्या दिवशी महाराजांना जाग आली ती सुकटीच्या खमंग वासानं. खिडकीतून बघतात तो काय! आवारात ताडपत्रीचं खोपट, पेटलेली चूल, दोरीवर वाळणारी लुगडी, खाटेवर सुपारी कातरणारी सारजाची सासू, आणि खोपटाच्या दारातच टेंपो!

"हे काय मांडलंयस?" महाराज तसेच अनवाणी धावत आले.

"बिऱ्हाड, महाराज! गाडी घरी येईना, म्हणून घर गाडीपाशी आणलं. फोटो काढला, कर भरला. ही बघा पावती!"

"अगं, पण हा माझा राजवाडा आहे!"

"ते ॲपला कुठं ठाऊक? फोटोवरून त्यानं माझा पत्ता इथलाच लिहून घेतलाय."

"मग पत्ता बदल आणि चालती हो!"

"पत्ता बदलायला कचेरीत जावं लागतं, महाराज. आणि कचेरीला तर कुलूप! तेव्हा आता आम्ही इथंच. सासूबाई विचारतायत, नळाला पाणी किती वाजता येतं?"

महाराज आधी लाल झाले, आणि मग पोट धरधरून हसत सुटले. त्याच दुपारी टेंपो सुटला, राजवाड्यानं सारजाच्या सगळ्या पणत्या चढ्या भावानं घेतल्या, आणि कचेरी पुन्हा उघडली. खिडकीवर पैसे घ्यायला बसवलं प्रधान धुंडिराजांना!