सोनबाच्या छातीतले दोन ठोके

शेंदूरखेडे हे कोष्ट्यांचे गाव. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत गल्लीगल्लीतून हातमागांचा खटखटाट चालू असे. गावाबाहेर चिंचेखालच्या मठीत श्री उमागिरी महाराज राहत. ते कोठून आले, हे कोणास ठाऊक नव्हते. त्यांचे बोलणे मोजके, आणि पाहणे असे की समोरच्याला आपल्या पाठीमागे कोणी उभे आहे की काय, असे वाटावे.

याच गावात एक लहानसा दवाखाना होता. डॉक्टर तालुक्याहून बाजाराच्या दिवशी येत. एरवी सारा कारभार कंपाउंडर त्र्यंबकरावांच्या हाती. त्र्यंबकराव आपल्या कामात वाकबगार होते आणि ते त्यांना जरा जास्तच ठाऊक होते. मापाचा पेला त्यांनी कित्येक वर्षांत हातात धरला नव्हता. नजरेने औषध ओतायचे, पाणी घालायचे, आणि कागदाच्या पट्टीला कात्रीने आठ खाचा पाडून ती बाटलीला चिकटवायची. एक खाच, एक मात्रा.

त्यांच्या रोग्यांत सोनबा कोष्टी होता. त्याचे हृदय अधू. विलायतेहून येणाऱ्या एका अर्काच्या आधाराने ते चाले. एकदा चार दिवस अर्क मिळाला नव्हता, तर सोनबाचे पाय सुजले, ओठ निळे पडले, आणि जीव कसाबसा वाचला. त्याची बायको तान्हूबाई महाराजांची निस्सीम भक्त. महाराजांना दाखविल्यावाचून ती घरात काही शिजवीत नसे, तशी औषधाची नवी बाटलीही आधी मठीत नेई. महाराज तळहातावर एक थेंब घेत आणि बाटली परत देत.

त्र्यंबकरावांना याची भारी गंमत वाटे. ओसरीवर चार माणसे बसलेली पाहून ते मुद्दाम विचारीत, “काय तान्हूबाई, दुखणं नवऱ्याला आणि औषध बुवाला? मग बुवाचं काळीज आता ठणठणीत असेल!” माणसे हसत. तान्हूबाई पदर सावरून बाटली घेई आणि निघून जाई.

पुढे महायुद्ध पेटले. बोटी येईनाशा झाल्या आणि अर्क मिळेनासा झाला. डॉक्टरांनी मुंबईला पत्रे घातली. उत्तर आले की वाट पाहा. त्र्यंबकरावांनी दवाखान्यातली अर्काची बरणी जपून वापरली. अखेर एका सकाळी बरणीच्या तळाशी साचलेला दाट, हिरवट गाळ तेवढा उरला. तो त्यांनी खरवडून बाटलीत घातला, वर पाणी ओतले आणि सवयीने आठ खाचांची पट्टी लावली. “ही शेवटची,” त्यांनी तान्हूबाईला बजावले, “हिच्यातला थेंबसुद्धा बुवाला द्यायचा नाही.”

तासाभरात ती परत आली. हातात बाटली होती, रिकामी.

“म्हाराजांनी समदी पिली,” ती म्हणाली. ती रडत नव्हती. आपण काय केले ते तिला अजून उमगलेच नव्हते.

त्र्यंबकरावांच्या अंगाची लाही झाली. सोनबा आता आठवडाही काढणार नाही, हे त्यांना दिसत होते. शिवाय धडधाकट माणसाने आठ मात्रा एकदम प्यायल्या, म्हणजे तोही जायचा! गळ्यात छाती तपासायची नळी अडकवून ते मठीकडे धावले.

महाराज दारातच उन्हात बसले होते. त्र्यंबकरावांनी काही न विचारता नळी त्यांच्या छातीला लावली.

आत काहीच नव्हते. त्यांनी नळी डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली. मनगट धरले, ते दगडासारखे गार होते. छातीतून ना ठोका, ना श्वासाची घरघर. गावातले सारे माग खडखडत असताना त्र्यंबकरावांच्या कानांत मात्र विहिरीच्या तळासारखी शांतता भरली. आणि महाराज त्यांच्याकडे बघत होते.

“बरणी खरवडलीत ना?” महाराज म्हणाले.

बरणी खरवडली तेव्हा दवाखान्यात दुसरे कोणी नव्हते. आता त्र्यंबकरावांना उमगले. महिनोन्‌महिने पातळ अर्क वरून काढला गेला होता, कडक तेवढा खाली साचला होता, आणि तो न मोजताच त्यांनी बाटलीत घातला होता! त्यातली पहिलीच मात्रा सोनबाचा जीव घ्यायला पुरली असती.

“इथं ऐकून झालं,” महाराज म्हणाले, “आता सोनबाकडे जाऊन ऐका.”

सोनबा मागाला टेकून बसला होता. त्र्यंबकरावांनी नळी लावली. सोनबाचा ओळखीचा, अडखळणारा ठोका ऐकू आला. आणि त्याच्या शेजारी दुसरा. संथ, खोल, न चुकणारा. पहिला अडखळला की दुसरा थांबे, त्याला सोबत घेई आणि पुन्हा चालू लागे. त्र्यंबकरावांनी नळी काढली, फडक्याने पुसली, परत लावली. तरीही ठोके दोनच होते.

“काय ऐकू येतंय, साहेब?” सोनबाने विचारले.

“चाललंय,” ते म्हणाले.

नऊ दिवस असे गेले. त्र्यंबकराव रोज आधी मठीत जात, मग कोष्टीवाड्यात. इकडे सामसूम, तिकडे दोन ठोके. महाराज पाणी पीत, आल्यागेल्याशी बोलत. फक्त त्यांची सावली फिकी झाली होती, असे त्र्यंबकरावांना वाटे. हे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. दहाव्या दिवशी डॉक्टर मुंबईहून अखेर मिळालेली अर्काची नवी बाटली घेऊन आले. त्र्यंबकरावांनी मापाचा पेला शोधून काढला, धुतला, आणि थेंब न्‌ थेंब मोजून मात्रा तयार केली. तान्हूबाई बाटली घेऊन मठीकडे वळली, तर महाराजांनी दुरूनच हात हलवून तिला घरी पिटाळले. “औषध ज्याचं त्याला दे,” ते म्हणाले.

तिसऱ्या मात्रेनंतर सोनबाच्या छातीत एकच ठोका उरला. थकलेला, पण नेटका.

त्र्यंबकराव अनवाणीच मठीकडे गेले. महाराज भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. त्र्यंबकरावांना नळी लावण्याचे धैर्य झाले नाही. त्यांनी गुडघे टेकले आणि महाराजांच्या गार पायांवर कपाळ ठेवले. “माझ्या हातून माणूस गेला असता,” ते म्हणाले.

बराच वेळ काही झाले नाही. मग कपाळाखाली, महाराजांच्या पायाच्या शिरेत, काहीतरी हलकेच उडाले. थांबले. पुन्हा उडाले. पाय हळूहळू ऊन होऊ लागले, तरी त्र्यंबकरावांनी डोके उचलले नाही. ते ठोके मोजत राहिले.