भेगेवरची पाटी

जमिनीखालच्या मेट्रो स्थानकाच्या भिंतीला भेग पडली होती आणि तिच्यातून गढूळ पाणी झिरपत होतं. भिंतीपलीकडे नदी. मजूर खाली मान घालून फरशी बसवत होते खरे, पण नजर सारखी त्या भेगेकडे जात होती.

भिंत हलते का, हे कळावं म्हणून अभियंता रेवती टिळेकर यांनी भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवली होती. सकाळी ती तडकलेली दिसली. त्यांनी प्रकल्पाचे संचालक हुपरीकर यांना खाली बोलावलं.

"साहेब, भिंत सरकतेय. आधी माणसं वर काढू द्या."

"उद्घाटन तोंडावर आलंय आणि काम बंद?" हुपरीकर खेकसले. "भिंत ठणठणीत आहे. तुमची काचच हलकी होती!"

तेवढ्यात भिंतीतून करकर आवाज आला. मजुरांचे हात थांबले. रेवतीबाईंनी मात्र आवाज चढू दिला नाही.

"असेलही, साहेब. मग काहीतरी भक्कम चिकटवू. उद्घाटनाची तुमच्या नावाची संगमरवरी पाटी कालच आलीय. तीच भेगेवर आडवी बसवते. भिंत ठणठणीत असेल, तर पाटीला काय होणार?"

हुपरीकरांनी भेगेकडे पाहिलं, मग कोपऱ्यात ठेवलेल्या पाटीवरच्या आपल्या सोनेरी नावाकडे.

"नको," ते पुटपुटले. "पाटी दुसरीकडे लावू."

"लावू की. पाटी वाचली, साहेब. आता माणसांचं काय करायचं?"

हुपरीकरांनी हातानेच खूण केली आणि पुढच्याच क्षणी धोक्याचा भोंगा वाजला. सगळे जिन्याकडे धावले. सर्वांत पुढे हुपरीकर होते. पाटी खालीच राहिली.