तानीचे मडके

खोलवणची घाटी चढून आलात की वळणावर एक भेरला माड दिसतो. लग्नाच्या मांडवाला ज्याची झुलती पाने बांधतात, तोच हा. त्याच्या बुंध्याशी मडक्यांची रास आहे. काही तडकली आहेत, काहींवर शेवाळ चढले आहे, पण प्रत्येकावर झाकण आहे आणि झाकणाची कड मातीने लिंपून बंद केलेली आहे. आलेला पाहुणा हमखास विचारतो, आत काय, मोहरा की काय? अहो, मोहरा असत्या तर आम्ही अजून ही घाटी पायी चढलो असतो का? बसा जरा सावलीला. ऐका. हात मात्र लावू नका.

हा माड मूळचा नव्हे. भेरला माड एकदा फुलोऱ्यावर आला की वरून खाली फुलत येतो आणि मग उभ्याउभ्या वाळतो. त्याच्याच बीचे रोप त्याच जागी लावायचे, असा गावचा नेम आहे. तेव्हा इथे आवडी सुईणीचे घर होते आणि मूळ माड तिच्या घरामागच्या परड्यात होता, असे सांगतात.

आवडी तरुणपणी विधवा झालेली. सासू सुईण होती, तिनेच सुनेला विद्या दिली. या माडाच्या पानांच्या देठाशी तपकिरी केस असतात. ते मडक्यात दाबून भरायचे, वर झाकण ठेवून कड लिंपायची आणि मडके शेणींच्या निखाऱ्यात पुरायचे. केस आतल्या आत जळून काळे होतात. मग मडके आपणहून गार होईपर्यंत त्याचे झाकण उघडायचे नाही. त्या काळ्या पुडीने बाळंतिणीचे वाहते रक्त थांबायचे, म्हणे. सासूने हे सगळे दार लावून सांगितले आणि माडाला हात लावायला लावून दोन वचने घेतली. दारी आलेल्याला नाही म्हणायचे नाही. आणि कृती कुणाला सांगायची नाही, कारण विद्या चारचौघांत गेली की हाताचा गुण जातो.

आवडीने दोन्ही वचने पाळली. तिची पूड घाटाखालच्या वाड्यांपर्यंत जायची. शेजारची शेवंती एकदा सहज म्हणाली, "काकी, माका शिकव गो." तर आवडी तिच्यावर डाफरली, "तुका कित्याक होयी? आपली चूल सांभाळ." वचन तर होतेच, पण खरे सांगायचे तर थोडी ऐटही होती. गावात एकटीलाच येणारी गोष्ट कुणाला वाटून टाकावीशी वाटते?

आवडीला एकच लेक, तानी. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आवडीने तिच्यासाठी पूड वेगळी काढून ठेवली होती. पण एके सकाळी पलीकडच्या वाडीतून एक माणूस धापा टाकत आला. त्याची बायको बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हते. घरात होती ती तानीच्या वाटणीची पूड. आवडी क्षणभर डबी हातात धरून उभी राहिली. मग तिने ती डबी त्या माणसाच्या हातात दिली. तानीला अजून अवकाश होता. तिने लगेच माडावरून केस काढवले, मडके भरले, लिंपले आणि निखाऱ्यात ठेवले.

माणूस ठरवतो एक आणि होते भलतेच. मडके निखाऱ्यात असतानाच तानीच्या पोटात कळा सुरू झाल्या. दुपार कलायच्या आत मुलगी झाली. मुलगी रडली, आवडीने देवाला हात जोडले, आणि तेवढ्यात तिला तानीखालची गोधडी भिजत चाललेली दिसली.

आवडी दोन्ही हातांनी लेकीचे पोट दाबून बसली. हात काढायची सोय नव्हती. दारात शेवंती उभी होती. तिला आवडी ओरडली, "निखाऱ्यातला मडक्या भायर काढून ठेय! बेगीन!"

मडके गार झाल्यावरच उघडायचे, हे सांगायचे राहून गेले. घाईने राहिले की जन्मभराच्या सवयीने, हे देव जाणे.

शेवंतीने मडके बाहेर काढले. आणि भात शिजला की नाही हे बघायला आपण जसे झाकण उचलतो, तसे तिने लिंपण फोडून झाकण उचलले. जिला काही सांगितलेलेच नाही, त्या बाईने दुसरे काय केले असते? वारा आत गेला आणि केसांनी भपकन पेट घेतला. शेवंती मडके घेऊन आत धावली तेव्हा तळाशी पांढरी राख उरली होती.

त्या राखेला काही गुण नव्हता. तरी आवडीने ती लावली. फडकी लावली, पाला लावला, ग्रामदेवतेला हाका मारल्या. बाहेर कडक ऊन होते आणि तानी म्हणत होती, "आये, माका थंडी लागता गो." आवडीने आपले लुगडे तिच्यावर घातले. थोड्या वेळाने तानी थंडीचे बोलायची थांबली.

मूठमाती झाल्यावर शेवंती कुणाला दिसेना. आवडी सुतकातच उठली आणि नातीला पोटाशी धरून तिला शोधत घाटीच्या कड्याकडे गेली. शेवंती अगदी टोकाशी बसली होती. तिचे स्वतःचे तान्हे घरी रडत होते.

"माझ्या हातान मेला गो तुझा चेडू," शेवंती म्हणाली. "माका जाव दे."

"आणि हिका दूध कोण पाजतला?" आवडीने पोर तिच्या मांडीवर ठेवली. पोरीने भुकेने तोंड उघडले आणि शेवंतीचा पान्हा फुटला. दोघी रडत बसल्या. मग आवडी म्हणाली, "झाकण तू उघडलंस, पण तोंड मी बंद ठेयललंय. तुका सांगला असता तर माझी तानी आज आसती."

बाराव्याला आवडीने सारे गाव माडाखाली बोलावले. ज्या माडाला हात लावून वचन दिले होते, त्यालाच हात लावून तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे मोठ्याने सांगितले. गुण जातो तर जाऊ दे, म्हणाली. म्हातारी माणसे घाबरून पुटपुटली. आवडी थांबली नाही. मडके लिंपायला तिने शेवंतीला पुढे केले. शेवंती मागे सरली, तेव्हा आवडीने तिचे हात आपल्या हातांत धरून कड लिंपून घेतली.

त्यानंतर आवडी कुठल्याच बाळंतिणीजवळ बसली नाही. पण त्याच वर्षी शेवंतीच्या हातच्या पुडीने एक सून वाचली, असे सांगतात. ती बातमी ऐकून आवडी माडाखाली जाऊन खूप वेळ रडली. गुण गेला नव्हता. तो सांगितल्याने कधी जाणारच नव्हता.

पण शेवंतीने लिंपलेले ते पहिले मडके? गार झाल्यावर बायका ते उघडायला गेल्या, तेव्हा आवडीने वर हात ठेवला. "ह्या तानीचा," ती म्हणाली. "ह्या उघडू नकात. ऱ्हवंदे. आता घाई नाय."

आजही वर्षातून एकदा गावची मडकी या माडाखाली एकाच निखाऱ्यात लागतात. ती गार होईपर्यंत ज्याला जे औषध येते ते त्याने लेकीसुनांना, पोरांना मोठ्याने सांगायचे, लपवायचे नाही. मग ज्याचे त्याने मडके घरी न्यायचे. एक मडके मात्र दरवर्षी तानीचे म्हणून न उघडता इथेच राहते. गावात नवी आलेली सून, किंवा तुमच्यासारखा पाहुणा, कधी त्याच्या झाकणाकडे हात नेतो. तेव्हा कुणी रागवत नाही. जवळ असेल ती बाई तो हात हळूच बाजूला करते आणि म्हणते, "ऱ्हवंदे. आता घाई नाय."