एकशे सात काट्यांची संमती

एका जंगलात एक कोल्हा होता आणि मंत्री झाल्यापासून तो वाकत नसे. भिवराबाई साळूला हे फार खटकायचं. याच रंगरावाला, त्याची आई गेल्यावर, तिनं आपल्या बिळात वाढवलं होतं. तेव्हा मेला पोट घासत आत यायचा. आता बाहेरच उभा राहून, शेपटी फुलवून सांगायचा, आत्याबाई, बाहेर या, तुमचा सत्कार आहे.

सत्कार कशाचा, ते तिला नंतर कळलं. टेकडीखालच्या काळ्या खडकात तेल आहे, असं रंगरावानं दरबारात सांगितलं होतं. खडक जमिनीतल्या जमिनीत महिनोन् महिने तापवायचा, मग त्याला तेलाचा घाम फुटतो, वायू सुटतो आणि जंगलभर उजेड पडतो. आता त्या जंगलाची रीत अशी, की जमीन उकरायची तर तिथल्या थोरल्या साळूनं आपला एक काटा टाकून होकार द्यायचा. रंगरावानं दरबारात एकशे सात काटे मांडले. साळूचे काटे गळतातच. तिच्या दारातून त्यानं ते वेचले होते. एका म्हातारीनं एकशे सात वेळा होकार दिला, हे पाहून वाघमहाराजांचे डोळे पाणावले.

भट्ट्या पेटल्या. सरपण म्हणून आधी वाळलेली झाडं तोडली, मग पुढेमागे वाळतील अशी. माकडं कुरकुरली, तेव्हा तेल निघाल्यावर प्रत्येकाला एकेक झाड मंजूर झालं. "आज चटका, उद्या झगमगाट!" अशी घोषणा पोपटांना पाठ करायला दिली. मुंग्या अंडी घेऊन निघून गेल्या, तर दरबारानं त्याची नोंद पर्यटनात केली. घोरपडीनं जमीन भाजते म्हणून अर्ज दिला. तिला उत्तर आलं, की ऊब ही योजनेची पहिली खेप असून ती मोफत आहे.

भिवराबाई ओला चिखल आणून बिळात थापत राहिली. लेक नुकतीच बाळंत झालेली, दोन पिलं. सात पिढ्यांचं बीळ सोडणार नाही, असं ती सगळ्यांना ठणकावून सांगायची. चिखल तासाभरात वाळून तडकायचा.

अकराव्या महिन्यात तेल निघालं. एक घडा. तो वाजतगाजत मिरवला. मग रंगरावानं भाषणात सांगितलं, की झाडं संपल्यामुळे हे तेल आता खडक तापवायला वापरण्यात येईल. टाळ्या थांबेनात.

त्याच आठवड्यात पिलांची पोटं भाजली. भिवराबाईनं लेकीला पिलांसकट ओढ्यापलीकडे धाडलं आणि स्वतः बीळ शेवटचं झाडून घ्यायला मागे राहिली. तेवढ्यात दारात सावली पडली. निवडणूक जाहीर झाली होती. रंगराव चक्क वाकला, जुन्या सवयीनं पोट टेकवलं आणि ताडकन उभा राहिला.

"आत्याबाई, फारच तापलंय हो इथं," तो पोट चाटत म्हणाला. "बरं, तुमच्या मताचं बघा. मी घरचाच."

ती बिळातून उलटी बाहेर आली, शेपटीकडून, सगळे काटे उभारून.

"चोरलेस तेव्हा एकशे सात मिळाले तुला, रंग्या," ती म्हणाली. "आता मागायला आलायस, तर एकच मिळेल. आणि तो कुठं रुतवायचा, ते मी ठरवीन."