कागदाला किती झेपेल?

ज्या दिवसांत शायांना बोलता येत होतं आणि कागदाचं कोणी ऐकत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

छापखान्यात जत्रेसाठी देवीचं चित्र छापायला घेतलं होतं. निळी, गुलाबी आणि पिवळी या शाया देवीच्या मोकळ्या केसांवरून हट्टाला पेटल्या. "केस गडद हवेत. आम्ही तिघी मिसळलो की काळोख होतो, तिथे आम्हीच भरभरून उतरणार," गुलाबी म्हणाली.

काळी शाई धास्तावली. आता आपल्याला कोण विचारणार? "मग मीही भरभरून उतरणार!" ती म्हणाली.

कागद म्हणाला, "अगं बायांनो, एकाच जागी चौघी? एवढं मला पिववणार नाही."

"तू गप पडून राहा," निळी म्हणाली.

केस काळेभोर उमटले. चौघी खूश झाल्या. पण कागदावर कागद चढत गेला आणि केस काही सुकेनात. दुपारी मशीनवाल्या रखमाजींनी गठ्ठा सोडवला, तर प्रत्येक देवीचे केस वरच्या कागदाच्या पाठीला चिकटून आले.

"जत्रा उद्यावर आलीय," ते कपाळाला हात लावून म्हणाले, "आणि कोरा गठ्ठा एकच उरलाय!"

शेवटी काळी म्हणाली, "केसांत मी पुढे राहते. तुम्ही माझ्याखाली अगदी थोड्या थोड्या उतरा. मी एकटी राखेसारखी दिसते."

"थोड्या म्हणजे किती?" पिवळीने घाबरत विचारलं.

काळीलाही ते ठाऊक नव्हतं. ती कोऱ्या कागदाकडे वळली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "बाबा रे, तूच सांग."