तीन रंगांचे डबे

“पण माणसं कचरा वेगळा करून टाकत का नाहीत, बाबा?”

गावातले वृद्ध फकीर शहामीर बाबा लिंबाखाली बसून सीताफळ फोडत होते. अर्धं त्यांनी ऋजुतापुढे धरलं.

ऋजुता कानडे जालन्याच्या एका बियाणे कंपनीत अधिकारी होती. कचरा वेगळा करून पुन्हा वापरात आणायची योजना तिथे तिनेच सुरू केली होती. ओल्याला हिरवा डबा, कागदाला निळा, काचेला लाल. भिंतीवर फलक लावले, सगळ्यांना शपथ दिली. तरी निळ्या डब्यातून चहाचे खरकटे कप निघत. ‘महिनाअखेर हे गुंडाळा,’ असं मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं होतं.

“अडाणी कुणी नाही तिथे,” ती म्हणाली. “फलक वाचता येतात सगळ्यांना. मग चुकतं कुठे?”

“आधी खा.”

तिने खाल्लं. बिया तोंडात घोळवत ती इकडेतिकडे पाहू लागली.

बाबांनी तळहात पुढे केला.

तिने मान हलवली. नको.

हात तसाच राहिला…

शेवटी तिने बिया रुमालात घेतल्या, पुसल्या, आणि संकोचून त्या सुरकुतलेल्या हातावर ठेवल्या.

“पुसल्यास का?”

“तुमच्या हातात द्यायच्या होत्या…”

मूठ मिटून बाबा हसले.

दुसऱ्या दिवशी कचऱ्याचा टेम्पो निघाला, तशी ऋजुताने त्याच्यामागे स्कूटर घातली. आपला कचरा कुणाच्या हातात जातो, हे तिने आजवर पाहिलंच नव्हतं.

गावाबाहेरच्या भंगाराच्या गोदामात एक बाई कंपनीचे कागद निवडत बसली होती. बोटाला चिंधी बांधलेली.

“काय लागलं?”

“काच. कागदात व्हती.” बाईने वर पाहिलं. “तुमी त्या कंपनीतल्या का?”

हो म्हणायला ऋजुताला वेळ लागला.

“नाव काय तुमचं?”

“इंदूबाई खरात.”

“आमच्याकडे याल, इंदूबाई? कचरा तिथेच घ्यायला. मजुरी कंपनीकडून.”

“येईन की. पण देतील का हातात?”

“…बघू.”

दोन दिवसांनी कंपनीत, चहाच्या सुट्टीत, इंदूबाई डब्यांपाशी खुर्चीवर बसल्या. पहिला आला तो हिशेब खात्यातला जाधवर. कप पुढे करता करता त्याची नजर चिंधीवर गेली. तो मागे फिरला, कप विसळून घेऊन आला.

“घ्या, मावशी.”

मागचे बघत होते. त्यातले काही बेसिनकडे वळले. काही नाही वळले.

पंधरवड्याने मोठे साहेब स्वतः जुनी फाइल घेऊन आले. इंदूबाईंसमोर उभं राहून त्यांनी कागदांच्या टाचण्या काढल्या. योजना गुंडाळायचं नाव पुन्हा निघालं नाही.

ऋजुता परत लिंबाखाली आली.

“फलक मी उतरवले, बाबा. शपथही कुणाला आठवत नसेल. माणसं तीच, डबेही तेच… मग हे झालं कसं?”

बाबांनी मागच्यासारखाच तळहात तिच्यापुढे केला.

“डब्याला तोंड असतं, बेटा… चेहरा नसतो.”