लुगड्याखालची काकडी

शेवंतामावशीच्या परसात होता काकडीचा वेल. वेलाखाली बीळ. बिळात टिल्ली उंदरी. टिल्ली एवढीशी, शेपटी एवढी मोठ्ठी!

वेलाला लागली बोटभर काकडी. टिल्ली रोज बघायची. आज काकडी पिवळी पडली. टप्! गळली की हो.

टिल्ली रडली. खूप रडली. मग डोळे पुसले आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"वेला वेला, मला काकडी दे."

वेल म्हणाला, "या फुलाची पिवळी पूड त्या फुलात पडली, तरच काकडी वाढते. मधमाशीला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु.

"माशी माशी, वेल काकडी देईना. तू फुलावर बस."

माशी म्हणाली, "गुंऽऽ! फुलात मध नाही. मी नाही बसत, जा!"

तुरुतुरु तुरुतुरु.

"फुला फुला, माशी बसेना, वेल काकडी देईना. तू मध कर."

फूल म्हणालं, "मी उपाशी! पान मला खाऊच देत नाही."

तुरुतुरु तुरुतुरु.

"पाना पाना, फूल मध करीना, माशी बसेना, वेल काकडी देईना. तू खाऊ कर."

पान म्हणालं, "पाणी आहे, हवा आहे, ऊन कुठाय? चूल पेटल्याशिवाय कुणी स्वयंपाक करतं का?"

तुरुतुरु तुरुतुरु.

"उन्हा उन्हा, पान खाऊ करीना, फूल मध करीना, माशी बसेना, वेल काकडी देईना. तू आत ये."

ऊन म्हणालं, "येऊ कुठून? वेलावर लुगडं आहे. शेवंतामावशीला सांग."

शेवंतामावशी पायरीवर शेंगा सोलत होती.

"मावशी मावशी, ऊन येईना, पान खाऊ करीना, फूल मध करीना, माशी बसेना, वेल काकडी देईना. लुगडं काढ!"

"नाही गं बाई! माझा वेल किती देखणा. दृष्ट लागेल त्याला!"

झाली का पंचाईत?

टिल्ली पळाली. गळलेली काकडी ओढत आणली. खर्र खर्र. मावशीच्या पायाशी ठेवली.

"अगंबाई! वेलाचं लेकरू उपाशी राहिलं होय? माझंच चुकलं."

मावशीने लुगडं ओढलं. सर्रर्र!

ऊन आलं. पानाने खाऊ केला. फुलाने मध केला. माशी बसली, गुंऽऽ! या फुलाची पूड त्या फुलात पडली. वेलाने काकडी धरली!

मावशीने काकडीला काजळाची तीट लावली. तेवढी हौस हवीच.

काकडी वाढली, वाढली, पिकली. मावशीने चिरली. अर्धी मावशीला, अर्धी टिल्लीला. कुरुम कुरुम!

एक बी मातीत सांडली. चार दिवसांनी तिथे दोन पानं. टिल्ली इवल्या वेलाला म्हणाली, "सावकाश मोठा हो हं. मी इथेच आहे."

काकडी पोटात, बी मातीत, गोष्ट आपल्या ओठांत!